संपत्ती, घटस्फोट आणि वकील : रखमाबाई खटल्यापासून कौटुंबिक न्यायालयापर्यंत एक चिकित्सा

बीजशब्द : कौटुंबिक न्यायालय, वकिली प्रतिनिधित्व, पोटगी, संपत्तीचे प्रकटीकरण, साडेबारा टक्के योजना, गोवा नागरी कायदा

प्रस्तावना

कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ नुसार कौटुंबिक न्यायालयापुढील कोणत्याही पक्षकाराला वकिलामार्फत बाजू मांडण्याची मागणी हक्क म्हणून करता येत नाही. न्यायहितासाठी आवश्यक वाटल्यास न्यायालय एखाद्या विधिज्ञाचे साहाय्य न्यायमित्र म्हणून घेऊ शकते, एवढीच सवलत या कलमाने ठेवली आहे. दुसरीकडे हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम २४ असे सांगते की, पती किंवा पत्नी यांपैकी ज्याला पुरेसे स्वतंत्र उत्पन्न नाही त्याला निर्वाहाबरोबरच दाव्याचा आवश्यक खर्चही दुसऱ्या पक्षाकडून मिळू शकतो. एक कायदा वकिलाचा हक्क नाकारतो आणि दुसरा वकिलाचे पैसे मिळवून देतो. कायद्याच्या पुस्तकांत या दोन तरतुदी शेजारी ठेवून सहसा वाचल्या जात नाहीत. प्रस्तुत लेखात त्या तशा वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

‘धनिकांच्या घटस्फोटाची चिंता आपण कशाला करायची?’ असा प्रश्न हा विषय ऐकून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. ज्या देशात परित्यक्तेला दरमहा दोन-तीन हजारांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात तिथे कोट्यधीशांच्या वकिलांची चर्चा करणे काहीसे अनुचित वाटते. तथापि संपत्ती म्हणजे केवळ मलबार हिल नव्हे. नवी मुंबईत ज्यांचे आजोबा मिठागरात किंवा खाडीवर राबले अशा कितीतरी कुटुंबांच्या नावे आज भूखंड आहेत, इमारती आहेत, भाडी आहेत. त्या घरांतील मुली आणि सुना आमच्याच वर्गांत बसतात. शिवाय संपन्न घरातील पत्नी ही संपन्न असतेच, हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. प्रस्तुत लेखिकेच्या मते, जिथे संपत्ती मोठी आहे, ती एकाच जोडीदाराच्या ताब्यात आहे आणि तिची माहितीही त्याच्याकडेच आहे, तिथे वकील ही चैन नसते. न्यायालयाला ती संपत्ती मुळात दिसावी यासाठीचे ते साधन असते. कलम १३ ची चिकित्सा या अंगाने फारशी झालेली नाही.

रखमाबाई खटल्यातील वकील

या प्रश्नाची महाराष्ट्रातील सर्वांत परिचित पूर्वपीठिका म्हणजे दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला. त्या काळी हिंदूंना घटस्फोट उपलब्धच नव्हता. मुंबई प्रांतात तो १९४७ च्या मुंबई हिंदू घटस्फोट कायद्याने आला. त्यामुळे दांपत्यकलह न्यायालयात येई तो दांपत्यहक्कांच्या पुनर्स्थापनेच्या दाव्याच्या रूपाने. रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी झाला होता. पुढे त्यांनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले आणि १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, अपिलात १८८६ मध्ये तो निकाल फिरला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिने कारावास भोगण्याचा आदेश दिला. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाच्या अंमलबजावणीचा आग्रह सोडला.

हा खटला आपल्याकडे संमतीवयाच्या वादाची नांदी म्हणून, स्त्रीच्या स्वनिर्णयाचा पहिला उद्गार म्हणून किंवा ‘केसरी’ व सुधारक यांच्या संघर्षातील एक प्रकरण म्हणून वाचला जातो. सुधीर चंद्र यांच्या अभ्यासाने वसाहतकालीन कायद्याचे अंगही पुढे आणले. हे सर्व वाचन मोलाचे आहे. मात्र चरित्रांत आणि चित्रपटात वकील हे पात्र बहुतांशी पार्श्वभूमीला राहते. प्रत्यक्षात या वादाची पहिली पायरीच वकिलांच्या पत्रव्यवहाराची होती. मार्च १८८४ मध्ये दादाजींनी चॉक अँड वॉकर या सॉलिसिटरांमार्फत डॉ. सखाराम अर्जुन यांना पत्र पाठविले. आपण सावत्र मुलीला अडवीत नाही, असे डॉक्टरांनी प्रारंभी साध्या पत्रांनी कळविले. परंतु लवकरच त्यांनाही वकील करावे लागले. पेन, गिल्बर्ट आणि सयानी यांच्यामार्फत रखमाबाईंची कारणे मांडली गेली. पुढे त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्यांत इन्व्हेरॅरिटी आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते.

येथे संपत्तीचा धागा महत्त्वाचा आहे. रखमाबाईंचे वडील जनार्दन पांडुरंग यांची मिळकत आई जयंतीबाईंनी पुनर्विवाहापूर्वी मुलीच्या नावे केली होती. म्हणजे या दांपत्यात संपन्न बाजू पत्नीची होती आणि पती मामाच्या आश्रयाने राहत होता. रखमाबाईंनी दिलेल्या कारणांत पतीची निर्वाह करण्याची असमर्थता आणि त्याचे प्रकृतिमान यांबरोबर त्या मामाचे वर्तनही होते. संपत्ती जिच्या नावे होती तिला कायद्याची भाषा बोलणारी माणसे मिळाली. पिन्हे यांच्यापुढे जे यश आले ते इंग्रजी पूर्वनिर्णयांच्या काटेकोर वाचनाचे होते : सहजीवन सुरूच झालेले नसताना ते ‘पुनः’ स्थापित कसे करणार? स्वतः रखमाबाईंनी ‘अ हिंदू लेडी’ या नावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लिहिलेल्या पत्रांची धार वेगळी, आणि न्यायालयात चाललेला हा युक्तिवाद वेगळा. नंतर खटल्याचा भार वाढला तेव्हा त्यांच्यासाठी संरक्षण समिती स्थापन झाली. म्हणजे मिळकत असलेल्या स्त्रीलाही उच्च न्यायालयातील दीर्घ लढा केवळ स्वतःच्या बळावर पेलणारा नव्हता. त्यांच्या धैर्याला याने यत्किंचितही उणेपणा येत नाही. परंतु त्याच वयाच्या, त्याच मताच्या आणि मिळकत नसलेल्या एखाद्या मुलीचा दावा आपल्याला आज ठाऊकच नाही, याचे कारण तिच्यापाशी धैर्य नव्हते असे म्हणता येणार नाही.

वकिलाविना न्यायालयाचे स्वप्न

कौटुंबिक न्यायालयांची कल्पना भारतात रुजविण्याचे श्रेय दुर्गाबाई देशमुख यांच्याकडे जाते. १९५३ मधील चीन दौऱ्यात तेथील न्यायालये पाहून आल्यावर त्यांनी न्या. मु. क. छागला आणि न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्याशी या विषयावर विचारविनिमय केला होता. १९७४ मध्ये विधि आयोगाच्या एकोणसाठाव्या अहवालाने कौटुंबिक वादांसाठी नेहमीच्या दिवाणी पद्धतीहून मूलतः भिन्न पद्धतीची शिफारस केली. स्त्री-संघटनांनीही हा आग्रह धरला. त्यामागचा अनुभव खरा होता. वकिलांच्या तारखा, खर्च, आरोपांची चिखलफेक आणि समेटाला लावलेली खीळ यांनी हजारो संसारांची राखरांगोळी झाली होती. त्यातून १९८४ चा कायदा आला आणि महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुणे व मुंबई येथे कौटुंबिक न्यायालये सुरू झाली.

कलम १३ हा या स्वप्नाचा गाभा आहे. समुपदेशक समेट घडवील, न्यायाधीश दोघांशी थेट बोलतील, वकील मध्ये येणार नाही. या चित्रात एक गोष्ट गृहीत धरली आहे ती अशी की, दोघांनाही भांडणाचे वास्तव सारखेच ठाऊक आहे. नांदण्या-न नांदण्याच्या प्रश्नात ते बऱ्याच अंशी खरे असते. मारहाण कोणी केली हे दोघांनाही माहीत असते. परंतु चार भागीदारी संस्थांपैकी नफा कोणत्या संस्थेत वळविला जातो, हे पत्नीला घरात बसून कळत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाला ही अडचण लवकर जाणवली. महाराष्ट्राच्या १९८८ च्या नियमांतच अशी तरतूद आहे की, कायद्याचे वा वस्तुस्थितीचे गुंतागुंतीचे प्रश्न असतील, किंवा पक्षकाराला स्वतःची बाजू नीट चालविता येणार नाही असे न्यायालयाला वाटेल, तर कारणे नोंदवून वकिलाची परवानगी द्यावी. १९९१ मध्ये लीला महादेव जोशी प्रकरणात उच्च न्यायालयाने अशा परवानगीकडे उदारपणे पाहण्याची दिशा दाखविली. १९९३ मध्ये लता पिंपळे प्रकरणात कलम १३ ची घटनात्मक वैधता मात्र कायम राहिली. आज व्यवहारात वकिलाची परवानगी बहुधा मिळते आणि म्हणून हा प्रश्न मिटला, असे सांगण्यात येते. प्रस्तुत लेखिकेला ते पटत नाही. नियमानुसार दिलेली परवानगी न्यायालयाला कोणत्याही टप्प्यावर काढून घेता येते. आणि जी गोष्ट कृपेने मिळते तिच्यासाठी दुसऱ्या पक्षाकडून खर्च मागताना ‘वकील हवाच कशाला?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. दुसरे असे की, संपन्न पतीसाठी कलम १३ कधीच अडसर नसते. वकील न्यायालयाच्या दालनात बोलो वा न बोलो, त्याच्यामागे सनदी लेखापाल, करसल्लागार आणि मसुदे लिहिणारी कचेरी उभीच असते. दालनाबाहेरचे प्रतिनिधित्व कोणतेही कलम रोखू शकत नाही. कलम १३ चा खरा भार पडतो तो जिच्यामागे अशी यंत्रणा नाही तिच्यावर.

संपत्तीचे दिसणे

भारतीय वैवाहिक कायद्यात (गोव्याचा अपवाद सोडता) घटस्फोटाच्या वेळी संपत्तीची वाटणी होत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ ची व्याप्ती विवाहप्रसंगी मिळालेल्या, उभयतांच्या मालकीच्या वस्तूंपुरती आहे. उरते ती पोटगी : कलम २४ ची अंतरिम आणि कलम २५ ची कायम. पोटगी ठरते ती देणाऱ्याची ऐपत, मागणाऱ्याची गरज आणि विवाहकाळातील राहणीमान यांवरून. म्हणून संपन्न घटस्फोटातील सारी वकिली कौशल्ये एका बिंदूवर एकवटतात : ऐपत सिद्ध करणे किंवा झाकणे.

या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२० चा राजनेश विरुद्ध नेहा हा निकाल मैलाचा दगड मानला जातो. प्रकरण नागपूरचे. तेथील कौटुंबिक न्यायालयाने २०१५ मध्ये पत्नीला दरमहा १५,००० रुपये अंतरिम पोटगी दिली, २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती कायम केली आणि वाद दिल्लीला गेला. २०१३ पासूनची अंतरिम पोटगी २०२० मध्ये निश्चित होते, हा तपशील स्वतःच पुरेसा बोलका आहे. त्या निकालाने दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर शपथपत्र देणे बंधनकारक केले. व्यवसाय एकल आहे, भागीदारी आहे, कंपनी आहे की एकत्र कुटुंबाचा आहे, हेही त्यात विचारले आहे. शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. माहिती खोटी वा अपुरी वाटल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार प्रश्नावली देता येईल आणि कागदपत्रे मागता येतील, असेही म्हटले आहे.

निकाल स्वागतार्हच आहे. परंतु तो कोणत्या प्रकरणातून आला हे विसरता कामा नये. दरमहा पंधरा हजारांच्या वादासाठी घडविलेला हा नमुना आहे. पगारदाराचे उत्पन्न तो चोख पकडतो. जिथे घर कंपनीच्या नावे, गाडी भागीदारीच्या नावे, सुट्टीतील परदेशवाऱ्या ‘व्यवसाय खर्चा’त आणि पतीचे वैयक्तिक उत्पन्न एखाद्या कारकुनाइतके असते, तिथे शपथपत्र खोटे नसते, ते फक्त अपुरे असते. त्यातील अपुरेपण ओळखण्यासाठी कोणते विवरणपत्र कोणत्या ताळेबंदाशी ताडून पाहायचे याचे ज्ञान लागते. प्रश्नावली देता येते, पण प्रश्न सुचले पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये या निर्देशांचे पालन होत नसल्याबद्दल पुन्हा बजावावे लागले, यावरून नमुना आणि व्यवहार यांतील अंतर लक्षात येते.

नवी मुंबईतील संपत्तीने हे अंतर आणखी रुंद केले आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्यात आली. जानेवारी १९८४ च्या जासई आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आकाराला आली. हा इतिहास आगरी-कोळी समाजाच्या स्वाभिमानाचा आहे आणि तो तसाच सांगितला गेला पाहिजे. मात्र त्यातून निर्माण झालेल्या संपत्तीचे स्वरूप विलक्षण गुंतागुंतीचे आहे. जमीन आजोबांच्या नावे सात-बारावर होती. भूखंड वारसांच्या नावे आला. तो भाडेपट्ट्याने आहे, निखळ मालकीचा नव्हे. विकसकाशी व्यवहार होतो तो सिडको, मूळ लाभधारक आणि नवा परवानाधारक यांच्या त्रिपक्षीय कराराने. विकसकाकडून मिळालेल्या सदनिका कधी दिराच्या, कधी सासूच्या नावे असतात. गावठाणालगतच्या ‘गरजेपोटी’ बांधलेल्या इमारतींतील खोल्यांची भाडी रोख येतात.

अशा घरातील पती शपथपत्रात ‘नोकरी नाही, शेती नाही, वडिलांवर अवलंबून’ असे लिहितो. अक्षरशः पाहता ते खोटे नसते. तो पगारदाराच्या नमुन्यात बसत नाही आणि शेतकऱ्याच्याही नाही, कारण शेती संपादनात गेली. मिताक्षराच्या मुंबई संप्रदायानुसार पती आणि मुलगे यांच्यात वाटणी झाली तर पत्नीला हिस्सा मिळतो, पण ती स्वतः वाटणी मागू शकत नाही; त्यामुळे तो मार्गही घटस्फोटाच्या वेळी उपयोगी पडत नाही. अशा वादात फोर्टमधील नामवंत ज्येष्ठ अधिवक्त्यापेक्षा बेलापूर किंवा पनवेलच्या न्यायालयात उभा राहणारा, सिडकोची संचिका वाचता येणारा वकील अधिक मोलाचा ठरतो. संपन्नांचे प्रतिनिधित्व म्हणजे महागडा वकील, हा समज म्हणूनच सोडून द्यावयास हवा. आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या प्रकरणात पहिली दोन वर्षे केवळ हे शोधण्यात गेली की, ज्या इमारतीत ती सून म्हणून सात वर्षे राहिली ती नेमकी कोणाची. तिच्या पहिल्या वकिलांनी इमारतीचा कागद मागितलाच नव्हता.

शुल्काचा पेच

आता कलम २४ कडे वळू. दाव्याचा खर्च देण्याची ही तरतूद स्त्रीसाठीच आहे असे नाही. उत्पन्न नसलेल्या पतीलाही ती लागू आहे. २००१ च्या दुरुस्तीने असा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे म्हटले. ‘शक्यतो’ या शब्दाने पुढे काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. त्याहून गंभीर बाब अशी की, व्यवहारात अर्जाचा सारा भर मासिक पोटगीवर राहतो. दाव्याच्या खर्चाची रक्कम शेवटच्या ओळीत, जवळपास उपचार म्हणून नमूद होते. प्रतिपक्षाने वकिलांवर किती खर्च केला, याचा तीत क्वचितच विचार दिसतो.

यावर उपाय म्हणून कोणी म्हणेल, वकिलाने निकालानंतर मिळणाऱ्या रकमेतून शुल्क घ्यावे. तो मार्ग भारतात बंद आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून असणारे शुल्क ठरविता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. हा निर्बंध योग्यच आहे. विवाहाच्या मोडतोडीत वकिलाचा हिस्सा असू नये. अमेरिकन वकिलांच्या आदर्श आचारसंहितेतही घटस्फोटापुरती हीच मनाई आढळते. परंतु मग पैसा यायचा कोठून? इंग्लंडने याचे उत्तर कायद्यात दिले. १९७३ च्या वैवाहिक वाद कायद्यात २०१३ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने, वकिली सेवा मिळविण्यापुरती रक्कम दुसऱ्या जोडीदाराने द्यावी असा स्वतंत्र आदेश देता येतो. पोटगीत मिसळलेली नसलेली, केवळ वकिलासाठीची रक्कम. आपले कलम २४ त्याहून कितीतरी जुने आहे. म्हणजे तत्त्व आपल्यापाशी आधीपासून होते; त्याला आकडा मात्र आपण कधी दिला नाही.

परिणामी स्त्रीचा वकील बहुधा माहेर नेमते. जे माहेर पैसा देते ते सल्लाही देते. ‘कटकट नको, एकरकमी घे आणि मोकळी हो’ हा सल्ला प्रेमापोटी असतो हे मान्य करूनही, संमतीने घटस्फोटाच्या कलम १३ब खालील कागदांवर ‘यापुढे कोणताही दावा राहणार नाही’ हे वाक्य कोणाच्या सोयीने लिहिले गेले, असा प्रश्न पडतो. ते वाक्य लिहिले जाते तेव्हा शपथपत्रांची छाननी बहुतेकदा झालेलीच नसते.

न्यायालयाचे शेरे आणि वृत्तपत्रांचे मथळे

पुण्याशी निगडित एका वादात १९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाह विसर्जित करून पत्नीला १२ कोटी रुपये कायम पोटगी दिली. त्याच निकालात न्यायालयाने असे मत नोंदविले की, विभक्त झाल्यावर पतीच्या वाढत्या संपत्तीशी बरोबरी साधण्यासाठी पोटगी मागता येणार नाही. पती पुढे निर्धन झाला तर पत्नी अशी बरोबरी मागेल काय? तर्क वरवर निरुत्तर करणारा आहे. चिकित्सकपणे पाहता त्यात एक उडी आहे. भागीदार संस्था बुडाली तर तोटाही सोसतो, म्हणून कोणी त्याचा नफ्यातील वाटा नाकारत नाही. प्रश्न आहे तो पत्नीला भागीदार मानायचे की आश्रित, हा. अल्पकाळ टिकलेल्या विवाहात न्यायालयाची भूमिका समजण्यासारखी आहे. पण हे विधान पंचवीस वर्षे दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या पत्नीविरुद्ध उद्धृत केले जाईल तेव्हा तिच्या वकिलाला हा भेद दाखवून द्यावा लागेल, आणि त्यासाठी तिला वकील लागेल.

जुलै २०२५ मधील दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. मुंबईतील सदनिका, १२ कोटी रुपये आणि एक परदेशी बनावटीची मोटार मागणाऱ्या पत्नीला तत्कालीन सरन्यायाधीशांनी, इतक्या शिकलेल्या असून स्वतः कमवीत का नाही, अशा अर्थाचे विचारले. हे शब्द देशभर मथळे झाले. त्या सुनावणीत पतीच्या बाजूने ज्येष्ठ अधिवक्ता उभ्या होत्या आणि पत्नी स्वतःच स्वतःची बाजू मांडीत होती, ही गोष्ट बातमीच्या तळाशी राहिली. ऑगस्टमध्ये निकाल आला आणि सदनिका तिला मिळाली. त्याचा मथळा मात्र लहान होता. अनुभवी वकिलाने मोटारीची मागणी पहिल्याच भेटीत खोडून टाकली असती, असे प्रस्तुत लेखिकेला वाटते. प्रतिनिधित्वाचा एक उपयोग हाही असतो : काय मागायचे नाही हे सांगणे.

गोव्याचा आरसा

येथून शंभर-सव्वाशे कोसांवरील गोव्यात हाच वाद वेगळ्या जमिनीवर उभा राहतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा तेथे चालू आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा निम्मा वाटा विवाहापासूनच असतो. स्थावर विकताना दुसऱ्याची संमती लागते. १९६१ च्या आयकर कायद्यानेही कलम ५अ द्वारे अशा दांपत्याचे उत्पन्न दोघांत विभागून मोजण्याची व्यवस्था केली होती. २०१२ चा गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि मालमत्ता-गणना कायदा २०१६ पासून लागू झाला. तेथील वकिलाला पत्नीची ‘गरज’ सिद्ध करावी लागत नाही; काय काय आहे याची यादी करून ते मोजावे लागते. ही व्यवस्था निर्दोष आहे असा दावा नाही. व्यवहारात पतीचा वरचष्मा तेथेही राहतोच, आणि मालमत्ता लपविण्याची कला कोणत्याही संहितेने संपविलेली नाही. तरी दोघांचे वकील समान रेषेवरून निघतात. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सला २००० साली व्हाइट विरुद्ध व्हाइट या शेतकरी दांपत्याच्या वादात समानतेचा मापदंड स्वीकारावा लागला. आपल्याकडे विवाह कायदे (दुरुस्ती) विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झाले. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देण्याची तरतूद त्यात होती. पंधराव्या लोकसभेबरोबर ते व्यपगत झाले आणि पुन्हा आले नाही.

कायदा बदलेपर्यंत कौटुंबिक न्यायालयांना एक गोष्ट आजच्या अधिकारांत करता येण्याजोगी आहे. वकिलाच्या परवानगीचा अर्ज, प्रकटीकरणाची शपथपत्रे आणि कलम २४ खालील दाव्याच्या खर्चाची मागणी हे तीन विषय आज वेगवेगळ्या तारखांना, कित्येकदा वेगवेगळ्या वर्षी ऐकले जातात. ते पहिल्याच सुनावणीत एकत्र घ्यावेत. शपथपत्रात दोन्ही पक्षांनी त्या तारखेपर्यंत वकील आणि लेखापाल यांना दिलेल्या शुल्काचा एक स्तंभ असावा. प्रतिपक्षाने स्वतःच्या वकिलांवर केलेला खर्च हा दुसऱ्या पक्षाच्या आवश्यक खर्चाचा किमान आधार धरावा. याने पैसेवाल्याला आपल्या शुल्काची माहिती उघड करावी लागेल आणि पक्षकार-वकील गोपनीयतेचा आक्षेप येईल. परंतु कोणी काय सल्ला दिला हे येथे विचारलेले नाही, त्यासाठी किती पैसे मोजले एवढेच विचारले आहे. आणि व्यावसायिक पतीच्या हिशेबवहीत तो आकडा बहुधा आधीच ‘कायदेविषयक खर्च’ या सदरात नोंदलेला असतो.